चेलोचा वुल्फ दर पावसाळ्यात परत येतो: तो कुठे शोधायचा, कसा आवरायचा

चेलो वाजवणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकसारखीच असते. जी तारेवर चौथ्या पोझिशनमध्ये, म्हणजे हात पेटीजवळ आलेला असताना, ई नीट लागतो. एफवर आलं की सूर धरतच नाही. गज कितीही सांभाळून ओढला तरी आवाज थरथरतो, गुरगुरतो, मधेच वरच्या सप्तकात उडी मारतो आणि पुन्हा खाली कोसळतो. एफ शार्प ओलांडला की सगळं सुरळीत. मार्चमध्ये तारेच्या मागच्या, न वाजवायच्या भागावर पितळी नळी बसवून हा त्रास गेलेला असतो. जुलैत तो पुन्हा हजर, आणि बऱ्याचदा जरा खालच्या सुरावर.

हा वुल्फ नोट, म्हणजे गुरगुरणारा, न टिकणारा सूर. चांगल्या, महागड्या चेलोतही तो असतो आणि तो कायमचा नाहीसा करणारा उपाय नाही. त्याची जागा सरकवता येते, जोर कमी करता येतो आणि वाजवणाऱ्याला त्याच्यावर ताबा मिळवता येतो. तो परत का येतो हे कळलं की दरवर्षी नवी नळी विकत घ्यायची गरज राहत नाही.

आधी खात्री करा: हा वुल्फच आहे का?

खडखड आणि वुल्फ यांची गल्लत फार होते, आणि उपाय दोन्हींचे पूर्ण वेगळे आहेत.

त्याच जागी बोट ठेवून तार गजाऐवजी बोटाने छेडा. वुल्फ असेल तर शेजारच्या सुरांपेक्षा आखूड, बसका 'ठप्' येतो आणि आवाज लगेच विरतो. खडखड असेल तर सूर व्यवस्थित लांबतो, पण त्याच्यासोबत 'झर्र' ऐकू येतं. मग तोच एफ डी तारेवर पहिल्या पोझिशनमध्ये दुसऱ्या बोटाने वाजवा आणि सी तारेवर वर जाऊनही वाजवा. वुल्फ तारेत नसतो, लाकडाच्या पेटीत असतो. त्यामुळे तो सगळ्या तारांवर त्याच सुराला डोकं वर काढतो. जाड सी आणि जी तारांवर जास्त, डी तारेवर कमी. दोष एकाच तारेवर असेल तर ती तार, नटमधली (तारांच्या वरच्या टोकाच्या पट्टीतली) खाच किंवा फिंगरबोर्ड (बोटांखालची पट्टी) तपासा.

खडखड निघाली तर पुढचं सगळं सोडा आणि सुटे भाग बघा: फाइन ट्यूनरची (सूर बारीक जुळवायच्या स्क्रूची) सैल चकती, एंडपिनचा (जमिनीवर टेकवायच्या दांडीचा) स्क्रू, तारेवरचं उसवलेलं वेटोळं, ब्रिजला (तारा उचलून धरणाऱ्या घोडीला) टेकलेला रबरी म्यूट (आवाज दाबायचा तुकडा), अंगावरची चेन नाहीतर कुर्त्याचं बटण. त्यानंतर शिवण, म्हणजे फळी आणि पेटीची बाजू यांचा जोड. बोटाच्या पेराने पेटीच्या कडेकडेने दर तीन-चार सेंटिमीटरवर ठोकत जा. चिकटलेल्या जागी घट्ट 'टक्' येतो, सुटलेल्या जागी पोकळ 'फट्'. शिवण सरसाने जोडलेली असते ती मुद्दाम, म्हणजे ताण आला की सरस सुटावा आणि फळीला चीर पडू नये. सुटलेल्या शिवणीत फेव्हिकॉल भरू नका. पुढे पेटी उघडायची वेळ आली की तो सरसासारखा सुटत नाही, सोबत लाकूडही निघून येतं.

कंपन नेमकं कुठून कुठे जातं

गजाखाली तार वरकरणी गोलाकार फुगलेली दिसते, पण तसं नसतं. तिच्यात एक कोपरा तयार होतो आणि तो ब्रिजपासून बोटापर्यंत आणि परत असा फेऱ्या मारतो. एफ म्हणजे सुमारे १७५ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १७५ फेऱ्या. प्रत्येक फेरीत बहुतेक वेळ गजाचे केस तारेला चिकटून तिला सोबत नेतात. कोपरा गजाखालून गेला की तार एकदा सटकते आणि पुन्हा चिकटते. एका फेरीत एकच सटक, हे चांगल्या सुराचं गणित.

कोपरा ब्रिजवर आदळला की ब्रिजला बाजूने धक्का बसतो. चेलोचा ब्रिज सुमारे नऊ सेंटिमीटर उंच, दोन पायांवर उभा, त्यामुळे तो डोलतो. ए तारेच्या बाजूच्या पायामागे, अर्ध्या ते एक सेंटिमीटरवर, आत साउंडपोस्ट उभा असतो: साधारण ११ मिलिमीटर व्यासाची स्प्रूसची काठी, वरच्या आणि मागच्या फळीच्या मध्ये नुसती दाटून बसवलेली, सरस न लावता. त्यामुळे तो पाय जवळपास रोवलेला राहतो. सी तारेच्या बाजूचा पाय मात्र मोकळा असतो. त्याच्याखाली आतून बेसबार, म्हणजे एक लांब लाकडी पट्टी, चिकटवलेला असतो, आणि हा पाय वरखाली होऊन वरची स्प्रूसची फळी हलवतो. बेसबार ते हलणं फळीभर लांब पसरवतो, पोस्ट त्याचा वाटा मेपलच्या मागच्या फळीला देतो, आणि आतली हवा एफ-होलमधून, म्हणजे वरच्या फळीतल्या दोन छिद्रांतून, आतबाहेर करते. तारांची मागची टोकं धरणारा टेलपीस आपल्या परीने झुलत असतो. एंडपिनमधून थोडं जमिनीत उतरतं. लाकडी मंचावर बसून वाजवलं की पायाखाली ते जाणवतं.

वुल्फ समजायचा तर लक्ष ब्रिजवर ठेवा. कोपरा परत फिरावा म्हणून ब्रिजने बहुतेक शक्ती तारेला परत द्यायला हवी आणि थोडीशीच पेटीत सोडायला हवी. पण प्रत्येक पेटीचे स्वतःचे काही सूर असतात. चेलोत त्यातला एक फार जोरकस सूर बहुधा ई (१६५ हर्ट्झ) आणि एफ शार्प (१८५ हर्ट्झ) यांच्या दरम्यान पडतो. तारेने नेमका तो सूर धरला की पेटी ब्रिजसकट भरभरून हलू लागते आणि तारेची शक्ती ओढून घेते. परतलेला कोपरा झिजलेला असतो. गजाचे केस तार धरून ठेवू शकत नाहीत आणि एका फेरीत एकाऐवजी दोनदा सटक होते. मूळ सूर कोसळतो, वरचं सप्तक ऐकू येतं. आता पेटीला खाद्य मिळत नाही म्हणून ती शांत होते, ती शांत झाली की तार सावरते, मूळ सूर उभा राहतो, पेटी पुन्हा हलू लागते. हे चक्र सेकंदाला अनेकदा फिरतं, आणि ती गुरगुर म्हणजे हेच चक्र.

या प्रश्नावरचं मूलभूत काम आपल्याकडे, कलकत्त्यात झालेलं आहे. सी. व्ही. रामन यांनी सरकारी अर्थखात्यातली नोकरी सांभाळून इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समध्ये चेलोची तार आणि वरची फळी यांच्या कंपनांच्या नोंदी एकाच वेळी घेतल्या आणि १९१६ मध्ये 'नेचर'मध्ये वुल्फ नोटवर लिहिलं. त्यांचा निष्कर्ष आजही उपयोगी पडतो: सूर टिकवायला गजाचा किमान दाब लागतो, पेटी जास्त हलली की ही किमान मर्यादा वर चढते, आणि गज तिच्याखाली राहिला की सूर तुटतो. तंबोऱ्याच्या घोडीवरही त्यांनी पुढे, १९२१ मध्ये लिहिलं. तिथे तार घोडीला घासून जो झणत्कार येतो ती जवारी, आणि ती आपण मुद्दाम, दोरा सरकवून जमवतो. चेलोच्या ब्रिजवर तसा घासता आवाज आला तर तो दोष समजायचा.

व्हायोलिनपेक्षा चेलोलाच हा त्रास जास्त का, याचं उत्तर मापात आहे. चेलो व्हायोलिनच्या एक सप्तक आणि एक पंचम खाली लागतो, म्हणजे कंपनसंख्या तिसरा हिस्सा. पेटीही तिप्पट हवी होती, पण व्हायोलिनची ३५.५ सेंटिमीटर तर चेलोची ७५-७६, जेमतेम दुपटीहून थोडी जास्त. एवढ्या आवरलेल्या पेटीवर जाड, जड तारा आणि उंच ब्रिज, म्हणून तारेची पकड पेटीवर जरुरीपेक्षा जास्त बसते.

पावसाळ्यात काय बदलतं

मुंबईत, कोकणात, गोव्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते. लाकूड पाणी पितं, जड होतं, जरा मऊ पडतं, आणि पेटीचा तो जोरकस सूर खाली सरकतो. वरची फळी फुगून उचलते, साउंडपोस्ट सैल पडतो, तारा फिंगरबोर्डपासून उंच जातात. नागपुरात मे महिन्यात याच्या उलट: फळी बसते, पोस्ट आवळतो, तारा खाली येतात. दमट घरातून वातानुकूलित सभागृहात गेलेला चेलो एका संध्याकाळीही सूर बदलतो.

म्हणजे मार्चमध्ये एफवर जुळवलेली नळी जुलैत चुकीच्या सुरावर बसलेली असते. नळी बिघडलेली नसते, पेटीचा सूर हललेला असतो.

म्हणून पहिलं काम वहीचं. ट्यूनर समोर ठेवा, जी तारेवर मध्यम जोराने डीपासून जीपर्यंत हळूहळू सरकत जा आणि गुरगुर कुठे सुरू होते, कुठे सर्वांत वाईट आहे, कुठे संपते ते लिहा, ट्यूनरच्या काट्यासकट. तारीख आणि आर्द्रता सोबत टिपा. केसमध्ये साधा आर्द्रतामापक ठेवला की पुरे. चेलो ४० ते ६० टक्क्यांत राहिला तर वुल्फ फार भटकत नाही. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेल ठेवा आणि रंग बदलला की वाळवून घ्या. कोरड्या हवेत किंवा एसीत ओल्या स्पंजची नळी ठेवा, पण पाणी ठिबकता कामा नये.

पैसे खर्च करण्याआधी बघायच्या गोष्टी

*ब्रिज.* पाय एफ-होलच्या आतल्या खाचांच्या रेषेत हवेत. टेलपीसकडची बाजू फळीला काटकोनात हवी. तारा वारंवार सुरात ओढल्याने ब्रिजचं डोकं फिंगरबोर्डकडे कलतं, पायाची मागची कड उचलते आणि कंपनाची वाट अर्धी होते. पायाखाली पातळ कागद सरकत असेल तर पाय नीट बसलेला नाही. ब्रिज सरळ करायचा तर तारा थोड्या सैल करा, दोन्ही हातांनी डोकं धरा आणि सावकाश मागे घ्या. चारही तारा एकदम काढू नका. वरचा दाब गेला की साउंडपोस्ट पडतो, आणि तो उभा करणं घरचं काम नाही.

*ब्रिजमागची तार.* ब्रिज ते टेलपीस हे अंतर मुख्य लांबीचा सहावा हिस्सा असावं अशी पद्धत आहे: ६९.५ सेंटिमीटरला सुमारे ११.६. तसं असेल तर ब्रिजमागची तार छेडल्यावर मोकळ्या तारेपेक्षा दोन सप्तकं आणि एक पंचम वर लागते. जी तारेमागे वरचा डी ऐकू येतो. टेलकॉर्ड, म्हणजे टेलपीसला खालून बांधणारी दोरी, ताणून लांबली असेल तर टेलपीस ब्रिजकडे सरकतो आणि हे बिघडतं. नुसती टेलकॉर्ड पुन्हा बांधून वुल्फ निम्म्यावर आलेले चेलो कमी नाहीत.

*तारा.* एकाच सुराला लावलेल्या दोन तारांमध्ये कमी ताणाची तार पेटीला कमी खेचते. ताण १० टक्के कमी तर पेटीवरची पकडही तितकीच कमी. सी आणि जी तारा जाड, जादा ताणाच्या असतील तर हलक्या लावून पाहा. आवाजाचा जोर थोडा उतरेल, पण चौथ्या पोझिशनमध्ये श्वास घ्यायला जागा मिळेल. चारही तारांचा एकूण ताण साधारण ५५ ते ६० किलोंच्या घरात असतो, त्यातला फरक फळीला लगेच जाणवतो.

*टेलपीस आणि एंडपिन.* टेलपीसच्या खालच्या बाजूला, सी तारेकडच्या कोपऱ्यात २० ग्रॅम मॉडेलिंग क्ले चिकटवा आणि पुन्हा वाजवा. मग जागा बदला, वजन निम्मं करा. टेलपीसची स्वतःची झूल वुल्फच्या जवळ असेल तर एवढ्याने स्पष्ट फरक पडतो. एंडपिन पाच सेंटिमीटर आतबाहेर करून, गालिचावर आणि उघड्या फरशीवरही ऐका. फरक लहान असेल, पण फुकटात मिळतो.

गज आणि गुडघे

गुरगुर आली की हात आपोआप हलका पडतो, आणि तिथेच चूक होते. रामन यांनी दाखवलेली किमान दाबाची मर्यादा वर गेलेली असताना दाब कमी केला तर सूर आणखी लवकर तुटतो. दाब वाढवा आणि गजाचा वेग कमी करा. गज ब्रिजपासून जरा दूर घ्या. ही मर्यादा अंतराच्या वर्गाने उतरते: चार सेंटिमीटरऐवजी पाच सेंटिमीटरवर वाजवलं तर लागणारा किमान दाब एक तृतीयांशाहून जास्त उतरतो. पेटीच्या खालच्या रुंद भागाला गुडघ्यांनी दाबून धरलं की फळ्यांचं हलणं दबतं. लांब सुरासाठी चेलोवादकांची ही नेहमीची युक्ती आहे. जमेल तिथे तोच एफ डी तारेवर घ्या. संगीतरचनेत तो जी तारेवरच मागितला असेल तर रुंद व्हायब्राटोही (बोट डोलवून सूर हलता ठेवणं) मदत करतो, कारण सूर वुल्फच्या नेमक्या जागी फार वेळ थांबत नाही.

नळी मिलिमीटरने बसवायची असते

ब्रिजमागच्या तारेवर आवळायची रबर आणि पितळेची नळी बहुतेकांकडे असते. ती बसवली जाते अंदाजाने, 'ब्रिज आणि टेलपीसच्या मधे कुठेतरी', आणि म्हणून निम्मी निरुपयोगी ठरते. नळी आणि मागची तार मिळून एक छोटा दोलक होतो. तो वुल्फच्याच सुरावर लागला तरच पेटीतली जादा शक्ती खातो.

उदाहरण घ्या. जी तारेचा ताण सुमारे १३.५ किलो, ब्रिजमागची लांबी ११.६ सेंटिमीटर, वुल्फ १७५ हर्ट्झवर. हिशोबाने साधारण ४ ग्रॅमचं वजन बरोबर मध्यावर लागतं. वजन ७ ग्रॅम असेल तर मध्यावर ते फार खाली लागेल. त्याची जागा ब्रिजपासून सुमारे १.८ सेंटिमीटरवर, किंवा तेवढ्याच अंतरावर टेलपीसच्या बाजूला. ई ते एफ ही अर्ध्या स्वराची हालचाल तिथे जेमतेम ३ मिलिमीटरची आहे, एफ ते एफ शार्प त्याहूनही कमी. म्हणून एकदम बोटभर सरकवलेली नळी वुल्फला ओलांडून पुढे जाते आणि 'उपयोग नाही' असा शेरा मिळतो.

करायचं असं. नळी सोनाराच्या काट्यावर तोला. स्क्रू अर्धवट आवळा. पुढच्या बाजूच्या तारांवर रुमाल टाकून त्या गप्प करा आणि नळी असलेली मागची तार नखाने छेडा. मंद, बसका सूर येईल. तो वहीत टिपलेल्या वुल्फच्या सुरावर आला की स्क्रू पक्का करा, कारण सैल नळी स्वतःच खडखडते. मग गजाने तपासा आणि एकेक मिलिमीटर इकडे तिकडे करा. जागा सापडली की टेलपीसपासूनचं अंतर मोजून ठेवा: एक आकडा पावसाळ्याचा, एक उन्हाळ्याचा. पुढच्या जुलैत त्या आकड्यापासून सुरुवात करायची.

वुल्फ जी तारेवर छळत असेल तरी नळी आधी सी तारेमागे बसवून पाहावी, असं आमचं मत. तिथे ती जी आणि डी तारांचा खुला आवाज कमी दाबते. तिथे जमलं नाही तर जी. तिथला आकडा मात्र वेगळा येईल, कारण सी तारेचा ताण वेगळा.

नळीने एफ सुधारला पण ई बिघडला, असंही होतं. तेव्हा वुल्फ पूर्ण मारण्याचा हट्ट सोडा आणि त्याला दोन सुरांच्या मधल्या फटीत ढकला. नेमक्या एफवर बसलेला वुल्फ रोज भेटतो. एफ आणि एफ शार्पच्या मध्ये पडलेला वुल्फ सरकत जातानाच लागतो.

कारागिराकडे केव्हा

नळी लावण्याआधी दुसऱ्या माणसाला बोलवा. तुम्ही वुल्फचा सूर ओढत राहा, त्याने वरच्या फळीवर दोन बोटांनी जागोजाग हलका दाब द्यावा. सी तारेकडच्या एफ-होलच्या खाली, पेटीच्या कडेपर्यंतचा भाग आधी. एखाद्या जागी बोट टेकताच गुरगुर थांबली तर ती जागा कागदावर ब्रिज आणि एफ-होलपासून मापं घेऊन लिहा. तिथे आतून चिकटवायचा सुरात लावलेला छोटा दोलक किंवा आतबाहेर बसणारी चुंबकांची जोडी कारागीर लावू शकतो, आणि ही मापं हातात असली की त्याचे दोन तास वाचतात.

साउंडपोस्ट हलवणं त्याच्यावरच सोडा. अर्ध्या मिलिमीटरने वुल्फही हलतो आणि चारही तारांचा तोलही, आणि चुकीच्या कोनात आवळलेला पोस्ट आतून फळीत खड्डा पाडतो. पोस्टची चीर ही चेलोच्या फार महाग दुरुस्त्यांपैकी एक. आणि शक्यतो पावसाळा जोरात असताना पोस्ट नवा करून घेऊ नका. फुगलेल्या फळीच्या मापाने कापलेला पोस्ट जानेवारीच्या कोरड्या हवेत लांब पडतो. तोपर्यंत आहे तो पोस्ट थोडा सरकवून काम भागतं का ते कारागिराला विचारा.

शिवण नीट, ब्रिज सरळ, तारा नव्या, आणि तरीही वुल्फ अचानक दीड-दोन स्वर सरकला किंवा आधी नव्हता तिथे उगवला, तर बेसबार एका टोकाला सुटलेला असू शकतो. सी तारेकडच्या एफ-होलमधून छोटा आरसा आणि दिवा घालून बारची दोन्ही टोकं बघता येतात. सरसाच्या रेषेत काळी फट दिसली तर तारा अर्ध्या स्वराने उतरवा, वाजवणं थांबवा आणि चेलो तसाच घेऊन जा.